५४ सॉकेटं आणि ५,३०० किलोमीटर

इलेक्ट्रिक गाडीने लांब जायचं ठरवलंय, असं घरात नुसतं बोलून बघा. आई विचारते, "मध्येच बंद पडली म्हणजे?" ऑफिसमधला मित्र विचारतो, "रेंज किती देते रे?" आणि एखादा मामा किंवा काका हमखास म्हणतो, "थोडं थांब, नवीन आहे ते सगळं अजून." पहिल्या दोन प्रश्नांना माझी काही हरकत नाही. तिसरं वाक्य मात्र मला खटकतं. नवीन? सन १९०० मध्ये अमेरिकेत एकूण ४,१९२ गाड्या तयार झाल्या. त्यातल्या १,६८१ वाफेवर चालणाऱ्या, १,५७५ विजेच्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६! म्हणजे तेव्हा कुणी "पेट्रोलची गाडी घेतोय" म्हणाला असता, तर त्याच्या मामाने त्याला थांबायला सांगितलं असतं.

अर्थात या गाड्या शहरात फिरायच्या. डॉक्टर मंडळी, श्रीमंत घरच्या बायका, ज्यांना हँडल मारून इंजिन सुरू करायचं नव्हतं आणि कपड्यांना तेलाचा वास नको होता, असे सगळे. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' वापरायची. नवऱ्याचा कारखाना जगाला पेट्रोलची गाडी विकतोय आणि बाईसाहेब विजेच्या गाडीतून फिरताहेत. गावाबाहेर मात्र ही गाडी कुणी नेत नसे.

एका माणसाने नेली. ऑलिव्हर फ्रिचल त्याचं नाव. हा डेन्व्हरचा, मूळचा केमिस्ट. बॅटऱ्या दुरुस्त करता करता आपणच बरी बॅटरी बनवू असं त्याला वाटलं, आणि बॅटरी बनवता बनवता तिच्याभोवती गाडीही बनवली. (केमिस्टने गाडी बनवली की ती अशी आतून बाहेर बनते.) त्याच्या गाडीची जाहिरातच होती 'हंड्रेड माइल फ्रिचल', एका चार्जमध्ये १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर. यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून त्याने इतर इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना जाहीर आव्हान दिलं: नेब्रास्कातल्या लिंकनपासून न्यूयॉर्कपर्यंत शर्यत लावा. कुणीच पुढे आलं नाही. मग गडी एकटाच निघाला. ३१ ऑक्टोबर १९०८ ला लिंकन सोडलं आणि २८ नोव्हेंबरला न्यूयॉर्क गाठलं. साधारण १,८०० मैल, म्हणजे २,९०० किलोमीटर. प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे दिवस वीस-एकवीस.

आता त्या काळचे रस्ते डोळ्यांपुढे आणा. डांबर नाही. पेरणीच्या दिवसांत आपल्याकडे शेतात जाणारा गाडीरस्ता असतो ना, साधारण तसा. नोव्हेंबर महिना, अमेरिकेची थंडी, उघडी दोन सीटची गाडी. गाडीचं वजन साडेनऊशे किलो, त्यातली ३६० किलो एकटी बॅटरी. शेवटच्या टप्प्यात ॲलेगनीचे डोंगर ओलांडायचे. उताराला हीच मोटार जनरेटरसारखी वापरून थोडी वीज बॅटरीत परत भरायची सोय त्या गाडीत होती. आज शोरूममध्ये 'रीजेन' म्हणून जे कौतुकाने दाखवतात ना, तेच हे. १९०८ साली!

इथे मला राहवेना, म्हणून मी एक हिशोब करून पाहिला. शिशाच्या बॅटरीत किलोमागे पंचवीस-तीस वॅट-तास ऊर्जा धरली, तर ३६० किलोत मावते नऊ-दहा युनिट वीज. आजच्या मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीत चाळीसच्या आसपास असते. तरी तो १६० किलोमीटर कसा जात होता? सावकाश जात होता, म्हणून. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण सगळेच अकरावीत पाठ करतो आणि एक्स्प्रेसवेला लागलो की विसरतो. फ्रिचल वीस-तीसच्या वेगाने चालला होता. त्याचा खरा प्रश्न वेगळाच होता: रोज संध्याकाळी पोचायचं त्या गावात वीज आहे का, आणि असली तर कसली?

कारण बॅटरीला लागते डीसी. गावात एसी पुरवठा असेल तर मध्ये काहीतरी यंत्र लागतं: मोटार-जनरेटरचा जोड, किंवा पीटर कूपर ह्युइटने १९०२ मध्ये शोधलेला पाऱ्याचा रेक्टिफायर. काचेच्या मोठ्या फुग्यात निळसर-हिरवी ज्योत नाचत असते आणि त्यातून एसीची डीसी होते. जुने फोटो बघितले की एखाद्या जादूगाराच्या खोलीत आल्यासारखं वाटतं. बऱ्यापैकी मोठ्या गावात दिव्यांसाठीचं वीजघर असायचं, इलेक्ट्रिक गाड्यांचं गॅरेज असायचं. तिथे रात्रभर गाडी लावायची, सकाळी निघायचं. बाहेरगावच्या माणसाने धर्मशाळा शोधावी तसं. आणि मुद्दा असा की १९०८ साली अशी धर्मशाळा सापडत होती. अर्ध्या अमेरिकेच्या वाटेवर, एका टप्प्यावर एक. फ्रिचलने ती बांधली नव्हती. ती आधीच तिथे होती.

मग बिघडलं कुठे? त्याच्या प्रवासाच्या महिनाभर आधी, १ ऑक्टोबर १९०८ ला, फोर्डची मॉडेल टी बाजारात आली. टेक्सासमध्ये १९०१ पासून तेलाचे फवारे उडत होतेच. १९१२ मध्ये कॅडिलॅकने इलेक्ट्रिक स्टार्टर बसवला, म्हणजे पेट्रोलच्या गाडीची सगळ्यात मोठी कटकट एका छोट्या इलेक्ट्रिक मोटारीने आणि बॅटरीने सोडवली. घरभेदीच म्हणायचं! त्याच सुमाराला पेट्रोलची गाडी ६५० डॉलरला आणि विजेची १,७५० ला मिळत होती. हे सगळं पुस्तकांत असतं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. पेट्रोल डब्यात भरून किराणा दुकानात ठेवता येतं, वीज ठेवता येत नाही. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहापैकी नऊ शेतघरांत वीजच नव्हती. लोक गाडी घेऊन खेड्यापाड्यांत जायला लागले आणि विजेची गाडी शहरात अडकली. मग शहरातूनही गेली. तिच्याबरोबर ती गॅरेजं गेली, ते पाऱ्याचे फुगे गेले. आणि वीज खेड्यापर्यंत पोचली तेव्हा तिला विचारणारी गाडीच उरली नव्हती.

आता एकदम साठ वर्षं पुढे, १९६८. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट, कारण यात इंजिनिअरिंगची पोरं आहेत.

लॉस एंजलिसच्या आसपास तेव्हा धुराचा कहर होता. डोळे चुरचुरायचे, समोरचे डोंगर दिसायचे नाहीत. हा धूर मुख्यतः गाड्यांच्या धुरावर ऊन पडून तयार होतो, हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्यांनी दाखवलं ते प्राध्यापक हागेन-स्मिट पॅसाडीनाच्या कॅलटेकचेच. त्याच कॅलटेकमध्ये वॉली रिपेल नावाचा विद्यार्थी होता. त्याच्याकडे १९५८ ची फोक्सवॅगनची डबा गाडी होती. त्याने तिचं इंजिन काढून मोटार आणि शिशाच्या बॅटऱ्या बसवल्या. इथवर ठीक आहे, प्रत्येक कॉलेजात एक असा पोरगा असतोच. पण याने पुढे जाऊन थेट एमआयटीला पत्र लिहिलं (कोथरूडच्या नव्हे हो, बॉस्टनजवळच्या!) की लावता का शर्यत? तुम्ही तिकडून निघा, आम्ही इकडून निघतो. एमआयटीने होकार दिला. सीओईपीने व्हीजेटीआयला असं पत्र पाठवलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हीच ठरवा. :-)

२६ ऑगस्ट १९६८ ला दोन्ही गाड्या निघाल्या. कॅलटेकची डबा गाडी पॅसाडीनाहून केंब्रिजकडे, एमआयटीची शेव्हर्ले कॉरव्हेअर केंब्रिजहून पॅसाडीनाकडे. (कॉरव्हेअर म्हणजे तीच, जिच्यावर राल्फ नेडरने १९६५ मध्ये आपल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण खर्ची घातलं. ती शर्यतीला घ्यायची म्हणजे धाडसच.) अंतर ३,३११ मैल, म्हणजे ५,३०० किलोमीटरच्या वर. कॅलटेकच्या बॅटऱ्या शिसं-कोबाल्टच्या, खर्च ६०० डॉलर. एमआयटीच्या निकेल-कॅडमियमच्या, किंमत २०,००० डॉलर. मालमोटारीला लढाऊ विमानाशी लढवावं तसा प्रकार.

आणि रस्त्यात काय होतं? ५४ चार्जिंगच्या जागा. साधारण दर ६० मैलांवर एक. या खास या शर्यतीसाठी उभ्या केलेल्या होत्या. डेट्रॉइटच्या 'इलेक्ट्रिक फ्यूएल प्रॉपल्शन' या कंपनीने जागा आखल्या, ठिकठिकाणच्या वीज कंपन्यांनी जोडण्या दिल्या. फ्रिचलला आयती सापडलेली सोय इथे एकेक सॉकेट मांडून उभी करावी लागली. माणूस चंद्रावर जायला जेमतेम वर्ष उरलं होतं, आणि इकडे गाडीची रेंज फ्रिचलच्या गाडीहून कमी! वेग वाढला होता, हे मान्य. पण साठ वर्षांत बॅटरी फारशी हलली नव्हती, आणि रस्ता तर उलट मागे गेला होता.

प्रवासाची लय अशी: तासभर पळायचं, मग पाऊण-एक तास चार्जिंग, पुन्हा पळायचं. रात्रंदिवस. इतक्या वेगाने वीज कोंबली की बॅटरी तापते. एमआयटीच्या पोरांनी त्यावर उपाय काढला, चार्जिंगच्या थांब्यावर बॅटऱ्यांवर चक्क बर्फ रचायचा. आज गाडीतल्या गाडीत बॅटरीभोवती कूलंट फिरतं आणि पंपाचा घूंऽऽ आवाज आला की लोक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करतात. त्यांना सांगावंसं वाटतं, बाबांनो, हा त्या बर्फाच्या पोत्याचा नातू आहे.

कॅलटेकची मोटार ॲरिझोनात जळाली. प्रवासाच्या सुरुवातीलाच, वाळवंटात. दुसरी मोटार विमानाने मागवली आणि ती येऊन बसेपर्यंत जवळजवळ एक दिवस गेला. कुणीही शहाणा माणूस तिथूनच परत फिरला असता. ही मंडळी मोटार बदलून पुढे निघाली. तिकडे एमआयटी पुढे होती, पण शेवटच्या टप्प्यात त्यांचीही मोटार गेली आणि कॉरव्हेअर दोरीने ओढत पॅसाडीनात आणावी लागली. तरीही ती पोचली पहिली. कॅलटेकची डबा गाडी केंब्रिजला पोचली ती ४ सप्टेंबरला, तब्बल ३७ तासांनी मागाहून.

पण नियम होते! गाडी ओढून नेली तर प्रत्येक मैलामागे दंडाची मिनिटं. 'मशीन डिझाइन' या मासिकाने पंच म्हणून हिशोब केला आणि निकाल लागला: दंड धरून एमआयटीला कॅलटेकपेक्षा अर्धा तास जास्त लागला. दोघांचेही साधारण २१० तास, आणि फरक अर्ध्या तासाचा. सहाशे डॉलरच्या बॅटऱ्या जिंकल्या. थांबे धरून सरासरी काढली तर ताशी २५ किलोमीटर. हसू नका. आपल्याकडे शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीहून कात्रजला यायची सरासरी काय असते, ते आठवा.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट दिसते. इलेक्ट्रिक गाडीच्या लांब प्रवासाचा इतिहास लिहिताना लोक बॅटरीचा इतिहास लिहितात: शिसं, मग निकेल, मग लिथियम. तो खरा आहेच, लिथियमशिवाय आजची गाडी शक्य नव्हती. पण १९०८ आणि १९६८ शेजारी शेजारी ठेवले की लक्षात येतं, बॅटरी जवळपास तीच असताना एकाला देशाची जवळजवळ अर्धी रुंदी एकट्याने पार करता आली आणि दुसऱ्यांना ५४ ठिकाणी आधी जाऊन सॉकेट बसवावी लागली. आमच्या धंद्यात म्हणायचं तर, क्लायंट तोच होता, सर्व्हर गेले होते.

नंतर हे ज्याला कळलं, त्याने बाजी मारली. टेस्लाने सप्टेंबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाटांवर पहिली सहा वेगवान चार्जिंग स्टेशनं उघडली. फक्त सहा! पण लॉस एंजलिसहून कुठे कुठे जाता येईल, हे डोक्यात ठेवून मांडलेली. २०१४ च्या सुरुवातीला, ऐन हिवाळ्यात, त्यांच्या दोन गाड्या अशाच स्टेशनांवर थांबत लॉस एंजलिसहून न्यूयॉर्कला ७६ तासांत पोचल्या. ज्या देशाला १९६८ मध्ये २१० तास लागले होते, तोच देश (अंतर थोडं जास्तच). मधे कुणी बर्फ रचला नाही.

आपल्याकडचं चित्र १९०८ आणि १९६८ च्या मधलं कुठलंतरी आहे, असं मला वाटतं. वीज सगळीकडे आहे. प्लगही जलद चार्जिंगसाठी बहुतेक गाड्यांना एकच चालतो, सीसीएस-२. प्रश्न आहे तो थांब्यावर पोचल्यावरचा. गेल्या हिवाळ्यात सोलापूर रस्त्यावर मी एका ठिकाणी पोचलो तर दोन यंत्रं होती. एक बंद. दुसऱ्याचं ॲप ओटीपी मागत होतं आणि मोबाइलला नेटवर्क नव्हतं. बॅटरीत १४ टक्के. शेवटी शेजारच्या हॉटेलच्या मालकांनी भटारखान्याच्या मागचं १५ अँपिअरचं सॉकेट दिलं. "लावा की, मिक्सर काय आत्ता लागत नाही." त्यातून तासाला जेमतेम तीन युनिट, म्हणजे वीस किलोमीटर. दीड तास बसलो, भाकरी-पिठलं खाल्लं, दोन चहा झाले, आणि तीस किलोमीटरवरच्या पुढच्या थांब्यापर्यंत पोचलो. मालकांनी विजेचे पैसे घेतले नाहीत, चहाचे घेतले.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये नागपूरपासून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर. १९६८ चं ६० मैलांचं गणित त्याला लावलं तर सातेक टप्पे पडतात. आजच्या गाड्यांना एवढ्या थांब्यांची गरजच नाही, दोन पुरतात. पण त्या दोन ठिकाणची यंत्रं चालू असतील याची खात्री कोण देणार? नकाशावर किती हिरवे ठिपके आहेत हे सगळे सांगतात. त्यातले आत्ता जिवंत किती, हे कळायला अजूनही आधी गेलेल्या माणसाला फोन करावा लागतो. मी निघण्याआधी दोघांना तरी करतोच.

राहता राहिला वॉली रिपेल. त्या डबा गाडीनंतर त्याने हा नाद सोडला नाही. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबमध्ये काम केलं, मग एरोव्हायरनमेंट या कंपनीत. तिथेच जनरल मोटर्सची 'इम्पॅक्ट' ही इलेक्ट्रिक गाडी घडली, जी जानेवारी १९९० मध्ये लॉस एंजलिसच्या प्रदर्शनात आली आणि जिच्यातून पुढे ईव्ही-१ झाली. ईव्ही-१ चं पुढे काय झालं, कंपनीने त्या गाड्या कशा परत घेऊन चिरडल्या, त्यावर २००६ मध्ये सिनेमा निघाला. त्यातही रिपेल आहे. त्यानंतर तो टेस्लात गेला. २००७ मध्ये त्याने तिथे एक लेख लिहिला, इंडक्शन मोटार बरी की ब्रशलेस डीसी. अजूनही वाचनीय आहे. ज्याची मोटार एकदा भर वाळवंटात जळाली आहे अशा माणसाने मोटारीवर लिहिलेलं आहे ते. टेस्लाच्या पहिल्या गाडीत, रोडस्टरमध्ये, इंडक्शन मोटारच होती: ब्रश नाहीत, चुंबक नाहीत. पुढे २०१७ च्या मॉडेल ३ मध्ये कंपनीने मागच्या चाकांना चुंबकवाली मोटार बसवली.